मदत हवी आहे: देवगडच्या सड्यावरून दक्षिणेकडचे तारकागुच्छ ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी,

हापूसच्या हंगामात रात्रीची राखण माझ्याकडे असते. मांगर (राखणीचं घर) सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला क्षितिजापर्यंत उघडं आकाश, जवळपास वस्ती नाही. हाताशी १० × ५० (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर आहे. टेलिस्कोप नाही आणि तूर्त घेणारही नाही.

कृत्तिका, पुष्यातला एम ४४, व्याधाच्या खाली चार अंशांवरचा एम ४१ हे सापडतात. एम ४१ माझा विशेष आवडता. व्याध दृष्टिक्षेत्राच्या वरच्या कडेबाहेर ढकलला, की त्याचा लखलखाट जातो आणि मग मधला तांबूस तारा आणि भोवतीचा बारीक भुगा दिसू लागतो.

त्याच्या खाली गेलं की अडतं. माझ्याकडची यादी मेसिए या अठराव्या शतकातल्या फ्रेंच निरीक्षकाची, 'एम' क्रमांक त्याचेच. तो पॅरिसहून बघायचा, त्यामुळे त्याची यादी वृश्चिकाच्या नांगीजवळच्या एम ७ पाशी संपते. त्याखालचे बरेच गुच्छ लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होपहून नोंदवले. देवगडचा अक्षांश सुमारे १६.४ अंश उत्तर, म्हणजे गणिताने उणे ७३ अंश क्रांतीपर्यंतचे (खगोलीय विषुववृत्ताच्या ७३ अंश दक्षिणेपर्यंतचे) तारे आपल्याकडे उगवतात. पॅरिसवाल्याला जे कधी दिसलंच नाही ते आपल्या अंगणात असताना त्याच्याच यादीवर थांबायचं, हे मला पटत नाही.

आता मुद्दा. महाशिवरात्रीनंतरच्या काळोखात, रात्री साडेदहा-अकराला, थेट दक्षिणेला क्षितिजापासून दीड मूठ (हात लांब करून धरलेली एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश) वर चार ताऱ्यांचा क्रूस दिसला. बायनॉक्युलरमधून त्याच्या वरच्या ताऱ्याजवळ ठळक ताऱ्यांचा एक सुटसुटीत झुबका होता. उजवीकडच्या ताऱ्यापलीकडे, जरा खाली, दुसरा गुच्छ होता, त्यात बारीक तारे पुष्कळ.

१) हा त्रिशंकू, म्हणजे सदर्न क्रॉस का? आणि हे दोन गुच्छ कोणते?
२) 'दक्षिणेची कृत्तिका' म्हणतात तो आयसी २६०२ (आयसी आणि एनजीसी हे नंतरच्या याद्यांतले क्रमांक) इथून खरंच दिसतो का? गणिताने तो जेमतेम ९ अंश वर येतो, आणि तेवढ्या उंचीवर खाडीची वाफ आणि होड्यांचे दिवे असतात.
३) मध्यरात्रीनंतर पुढची भिंगं दवाने धुरकटतात. खाऱ्या हवेत बुरशीची भीती वाटते. काय करता?

कोणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद

त्रिशंकू नव्हे, तो त्याच्यासारखाच दिसणारा खोटा क्रूस. त्या वेळी खरा त्रिशंकू दक्षिण-आग्नेयेला नुकता उगवत असतो. ताडून बघायचं तर तुमच्या १० × ५० मध्ये त्रिशंकू जेमतेम पूर्ण मावतो, खोटा क्रूस मावत नाही. शिवाय त्रिशंकूच्या मागोमाग मित्रक आणि मित्र हे दोन ठळक तारे वर येतात, खोट्या क्रुसाला अशी सोबत नाही.

वरच्या ताऱ्याजवळचा झुबका आयसी २३९१. तो साधारण ५०० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून तारे ठळक आणि पसरलेले वाटतात. उजवीकडचा एनजीसी २५१६, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर. दोन्ही पाहिलेत, हे फार छान झालं!

आयसी २६०२ दिसतो. मार्चच्या मध्यावर मध्यरात्रीच्या थोडं आधी तो दक्षिणेला सर्वांत वर असतो. खोटा क्रूस आणि त्रिशंकू यांच्या साधारण मध्ये, पण दोघांच्या खाली शोधा. ९ अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्यापेक्षा सहापट हवा कापून यावं लागतं, त्यामुळे बारीक तारे जातात, पण गुच्छातला सर्वांत ठळक तारा थेटा आणि त्याच्याभोवतीचे ठळक तारे टिकतात. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल ती रात्र निवडा, दमटपणा कमी असतो. त्याच फेरीत एनजीसी ३५३२ सोडू नका. तो आयसी २६०२ च्या डावीकडे वर, १५ अंशांपर्यंत येतो आणि तुमच्या बायनॉक्युलरला अगदी योग्य आहे. हबल दुर्बिणीने मे १९९० मध्ये पहिलं चित्र याच गुच्छाचं घेतलं होतं.

दवाचं म्हणाल तर भिंगं पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. मांगरात आणून झाकणं न लावता सुकू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात.