पऱ्हाटीच्या ढिगात पट्ट्यावाला साप घुसला, मण्यार की कवड्या?

तापीकाठचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. आमचं घर चोपडा तालुक्यात, गावाच्या कडेला, मागे लगेच केळीचा बाग. परवा रात्री साडेअकराला लाईट गेली म्हणून बॅटरी घेऊन मोरीकडे गेलो तर उंबऱ्याला लागूनच साप, काळा चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे, अडीच-तीन फूट तरी असेल. मी ओरडलो तसा तो आरामात सरकत भिंतीला लावलेल्या पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्या) ढिगात घुसला. बाबा म्हणतात मण्यार, काका म्हणतात कवड्या आहे काही करत नाही. फोटो काढायचं सुचलंच नाही. टेन्शन हे की आई आणि आजी दोघी खालीच गोधडीवर झोपतात, आईला खाटेवर झोपच लागत नाही. बाबांनी ढिगाभोवती फिनाईल ओतलंय. ढीग पेटवून देऊ का?

सर्पमित्र_यावल
पेटवू नका भाऊ, घराच्या भिंतीला लागून आग कुठं लावता! आणि फिनाईलने साप जात नाही, वासाने तुम्हालाच झोप लागणार नाही.
पट्टे कुठून सुरू होत होते आठवतं का? कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, रंग बहुतेक तपकिरी आणि साप दीड-दोन फुटाचा. मण्यारचं उलटं, डोक्याकडे पट्टे नसल्यासारखे आणि शेपटीकडे एकदम स्पष्ट, बऱ्याचदा दोन-दोनच्या जोडीने. चकचकीत काळा आणि तीन फूट म्हणताय तर मी मण्यारच धरून चालेन. बॅटरीच्या उजेडात माझीही फसगत झालेली आहे, त्यामुळे हातात घेऊन बघू वगैरे अजिबात नको.
ढीग दिवसाच हलवा, बूट घालून, लांब काठीने वरून थर थर काढत. मण्यार रात्री फिरते, दिवसा सुस्त पडलेली असते. दिसली तर लांब राहून नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. मारू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

धरणगावकर
काकांना सांगा काही करत नाही म्हणू नका. माझ्या मामेभावाला पहाटे पोटात दुखायला लागलं, सगळे म्हणाले रात्रीचं भरीत बाधलं, ओवा दिला, जखम नाही सूज नाही काही नाही. उजाडल्यावर त्याच्या पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं. तरी आधी एका भगताकडे नेलं, तिथे तास गेला. दवाखान्यात डॉक्टर बघताच म्हणाले मण्यार, आणि मग सहा दिवस व्हेंटिलेटर. वाचला. पण तो तास आठवला की मला अजून मामाचा राग येतो.

सिस्टर_ताई
मी ग्रामीण रुग्णालयात नाइट करते. धरणगावकर दादा म्हणतात ते खरं, मण्यारचा दात इतका बारीक की झोपेत कळतसुद्धा नाही, म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड असा पेशंट आला की आम्ही पहिलं विचारतो, खाली झोपला होता का?
चावलंच तर घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, बांगड्या काढायच्या, चावलेला हात किंवा पाय फळीला धरून स्थिर ठेवायचा, पेशंटला चालवायचं नाही आणि 108 ला फोन. साप मारून पिशवीत आणू नका हो, मागे एकाने आणला तो जिवंतच होता, अख्खा वॉर्ड बाकड्यांवर चढला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींच्या विषावर इंजेक्शन एकच आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.
आणि मच्छरदाणी. आई खालीच झोपणार असेल तर मच्छरदाणी लावून चारी बाजूंनी गोधडीखाली घट्ट खोचा.

केळीवाला_रावेर
आमना गावमा बी असंच, पऱ्हाटीना ढिग घरले लावी ठेवतस आनि मंग साप निंघना म्हनतस 😄 ढिगात उंदीर, उंदरामागे साप, सोपा हिशोब आहे भो. रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला जाणाऱ्यांनी पण गमबूट घाला, बांधावर घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते तरी आपलं लक्ष मोबाईलच्या गाण्यात.

तापीकाठचा_पोऱ्या
अपडेट. काल सकाळी तालुक्याच्या सर्पमित्रांना बोलावून ढीग उपसला. साप नाही सापडला, पण तळाशी उंदरांची तीन बिळं आणि एक अख्खी कात निघाली. त्यांनी कात उन्हात धरून दाखवली, पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बाजूच्यांपेक्षा मोठे आणि सहाकोनी. म्हणाले मण्यारच, कवड्याला असे नसतात. काका तेव्हापासून गप्प आहेत.
बिळं सिमेंटने बुजवली, मोरीच्या पाइपाला जाळी लावली, पऱ्हाटी बांधापलीकडे नेली. आई खाटेवर गेली, कुरकुरत का होईना. आजी नाही ऐकत, ती खालीच, पण मच्छरदाणीत. रात्री दोनदा उठून मीच कडा खोचल्या का बघतो, तिसऱ्यांदा तिने आतून शिव्या घातल्या.