मदत हवी आहे: जुन्या सीलबंद बेसबॉल कार्ड पॅकची किंमत कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी, इथे न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या आजींना त्यांच्या मिस्टरांचे बेसबॉल कार्डचे जुने पॅक विकायचेत, सगळे न उघडलेले, आणि त्यांना कोणी गंडवू नये असं मला मनापासून वाटतं. १९८७-८८ चे टॉप्स या कार्ड कंपनीचे ढीगभर आहेत, ते तेव्हा इतके छापले की त्यांचं फार काही येणार नाही हे माहितीये. पण १९८० च्या टॉप्सचे थोडे वॅक्स पॅक (मेणकागदात गुंडाळलेले) आहेत आणि त्यात नामांकित खेळाडू रिकी हेंडरसनचं रूकी कार्ड, म्हणजे त्याचं पहिलं कार्ड, निघू शकतं, म्हणून सगळा जीव त्यांच्यात अडकलाय! आता प्रॉब्लेम असा की मेणकागद गरम करून परत चिकटवता येतो, आणि एका पॅकच्या मागच्या घडीवर मेण जरा पसरल्यासारखं दिसतंय, आत कार्डांसोबत येणारा च्युइंगम मात्र हाताला अख्खा लागतो, मग हा पॅक संशयास्पद धरायचा की इतक्या वर्षांत उष्णतेने असं होतं? भाव बघायला मी ईबेवर विकले गेलेलेच बघतेय, मागितलेल्या किमतींना काही अर्थ नसतो. पीएसए या कार्ड तपासणाऱ्या कंपनीकडे ग्रेडिंगला (अस्सलपणा आणि स्थिती तपासून दर्जा ठरवायला) पाठवलेलं परवडेल का, की तसेच विकावेत? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.