कपाशीला जीवामृताचं पुण्य नको, शेणाचा हिशोब द्या

कोरडवाहू_सात_एकर

सध्या प्रत्येक ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: युरिया बंद करा, देशी बी लावा, एका गाईवर ३० एकर शेती होते, कर्ज आपोआप फिटेल. खाली जीवामृताची कृती. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. पाठवणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या चपलेला माती लागलेली नसते, पण ते असो.

मी यवतमाळकडचा. कपाशी आणि तूर, सगळं पावसाच्या भरवशावर. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ६० किलो नत्र धरतात, म्हणजे एकरी २४. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे एकरी ५ टन शेणखत, बैलगाडीच्या दहाएक खेपा. गाय दिवसाला १० किलो शेण देते असं धरलं तर वर्षाचं साडेतीन टन, तेही ओलं. कुजल्यावर निम्मं उरलं तरी नशीब. ३० एकर सोडा, माझा एक एकर भागत नाही. तेवढंच नत्र युरियाच्या सव्वा गोणीत येतं, आणि ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते.

श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. नोव्हेंबरात माघार घेतली, पण हंगाम हातचा गेलाच. स्वतःपुरता तांदूळ पिकवणाऱ्या देशाला तो बाहेरून आणावा लागला. तो प्रयोग आता माझ्या रानात कशाला?

डवऱ्यामागे

शेणाचा हिशोब पक्का, खतावणी मात्र अर्धीच. युरिया २६६ ला पडतो कारण उरलेले पैसे सरकार भरतं. गोणी खऱ्या भावाने घ्यायची वेळ आली तर हाच हिशोब पुन्हा करून दाखवा. स्वस्त आहे म्हणून तर लोक स्फुरद-पालाश सोडून नुसता युरिया ओततात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, लुसलुशीत होते, तुडतुडे आणि मावा तुटून पडतात, मग फवारणी.

आणि यवतमाळचे असून २०१७ चा पावसाळा विसरलात? त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. मजूर ओळीत शिरला की फवारा वरून त्याच्याच तोंडावर. पाठीवर गळका पंप, अंगात बनियन, तोंडाला फार तर रुमाल, आणि दोन-तीन औषधं एकाच बादलीत काडीने ढवळलेली. जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात, कित्येकांना दिसेनासं झालं. एकरी २४ किलो नत्राच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

बोंडअळी संपणार म्हणून २००२ मध्ये अळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी बियाणं आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-टू आलं. गुलाबी अळीने दोन्ही पचवली. त्याच २०१७ च्या हंगामात लोकांनी उभ्या कपाशीत ढोरं सोडली.

बाकी जीवामृत हे खत नाहीच, मातीतल्या जिवाणूंचं विरजण आहे. त्याचं नत्र मोजणं चुकीचं.

कोरडवाहू_सात_एकर

विरजणाला आधी दूध लागतं, म्हणजे मातीत कुजलेला पालापाचोळा. आमच्या मुरमाड रानात ते कुठून आणू?

फवारणीत माणसं मेली ती पंप, कपडे, औषधांची सरमिसळ आणि कृषी केंद्रवाल्याच्या सल्ल्याने. युरियाने नाही. दोन्ही एकाच गोणीत कोंबू नका.

पुणेरी_ग्राहक

आम्ही दुप्पट भाव द्यायला तयार आहोत. शेतकऱ्यांनाच मेहनत नको झालीय. आमचे आजोबा कुठे औषधं मारायचे? कपाशीचं एक वेळ ठीक आहे, ती पोटात जात नाही.

डवऱ्यामागे

सरकीचं तेल खाण्यात येतं. सरकीची ढेप म्हशीला, म्हशीचं दूध तुमच्या चहात. चालू द्या.

कोरडवाहू_सात_एकर

आजोबांच्या काळात, १९७२ साली, राज्याने अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली हेही आजोबांनी सांगितलं असेलच.

डवऱ्यामागे

तो दुष्काळ पाण्याचा होता, युरियाचा नव्हता. माझ्या बाजूने बोलणारे असे, आणि तुमचे दाखले असे!

निंदणवाली

दोघं भाऊ केव्हाचे बोलून राहिले, पण निंदण कोण करतं ते कोणीच लिहिलं नाही. पावसाची झड लागली की तण काढायचा बैलाचा डवरा चालत नाही. आठ दिवसांत तण पऱ्हाटीच्या वर जातं आणि वाकायला बाया लागतात.

मी सेंद्रिय गटात आहे, डवऱ्यावाल्या दादांच्याच बाजूची. पण आमच्या बैठकीत साहेब सांगतात की खर्च शून्य. शून्य काहून? पहाटे गोमूत्र धरणारी, शेण कालवणारी, निंबोळ्या वेचून, वाळवून, कुटून रात्रभर भिजत घालणारी घरचीच बाई. तिची रोजी धरतच नाहीत, म्हणून शून्य. माझ्या हाताला निंबोळीचा वास दिवाळीपर्यंत असतो.

बिनपरवान्याचं चोरबीटी बियाणं लोक वेडे म्हणून लावत नाहीत. तणनाशक वरून मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, निंदणाचे पैसे वाचतात. २०१९ मध्ये अकोटकडे अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते बंदी असताना उघड पेरलं. वाचलेले पैसे कोणाचे, तर आमच्या मजुरीचे. बांधावरची तरोटा-चिवळीची रानभाजी जळते ते वेगळंच.

निवृत्त_कृषी_सहायक

भांडण खतावरून बियाण्यावर आणा. जगात बहुतेक ठिकाणी बीटी सरळ वाणात आहे, आपण ते संकरित वाणात घातलं. संकरित म्हटलं की घरची सरकी ठेवता येत नाही, दरवर्षी विकतचं पाकीट. पाकीट महाग म्हणून लागवड विरळ, विरळ म्हणून झाड मोठं आणि हंगाम लांब, वर ज्याला पाणी आहे तो फरदड घेणार, म्हणजे तेच पीक राखून पुढची वेचणी. गुलाबी अळीची याहून चांगली सोय कोण करील? आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरात आटोपतो आणि या वाणांची बोंडं त्यानंतर भरतात. उत्पादन तिथेच जातं, मग युरिया घाला नाहीतर शेणखत.

कमी दिवसांचा सरळ वाण दाट लावायचा आणि डिसेंबरात रान मोकळं करायचं. अळीची साखळी तिथे तुटते. देशी कपाशीची एकेए-७ ही जात रसशोषक किडींना दाद देत नाही, कोरड्यातही तगते. पण धागा आखूड, बोंड लहान, वेचायला जास्त वेळ, आणि जिनिंगवाला भाव पाडतो. देशीचं कौतुक करणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं. नोकरीभर पत्रकं वाटली, त्यात हे कधी छापलं नाही.

कोरडवाहू_सात_एकर

साहेब, ऐकायला ठीक. मे महिन्यात कृषी केंद्रात जाऊन सरळ वाण मागून बघा. काउंटरवर पन्नास नावं असतात, सगळी बीजी-टूची.

आणि शेणाचं मूळ दुखणं कोणी बोलत नाही. २०१५ पासून राज्यात बैलही कापता येत नाही. म्हातारा बैल विकायचा कोणाला? गिऱ्हाईक नाही, कडबा महाग, म्हणून दावणी रिकाम्या झाल्या आणि भाड्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर शेण टाकत नाही. गाय पवित्र म्हणणारे आणि जीवामृत शिकवणारे बरेचदा तेच असतात, त्यांनी आधी दावण परवडू द्यावी.

डवऱ्यामागे

दावणीचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पऱ्हाटी तर तुमच्याच रानात उभी असते. ती पेटवता की बारीक करून मातीत घालता? तुरीच्या शेंगांचं कुटार कुठे जातं? नत्र मोजताना तुरीच्या मुळांवरच्या, हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी का नाही मोजल्या?

एक एकर काढा. कमी दिवसांचा वाण, मध्ये तूर, मुगाचा पट्टा, अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे, निंबोळी अर्क, निम्मा युरिया. निम्मा म्हणतोय, शून्य नाही.

पुणेरी_ग्राहक

निम्मा युरिया म्हणजे सेंद्रिय नाहीच की. त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही.

कोरडवाहू_सात_एकर

बघा, आलं गिऱ्हाईक. डवरेवाले, एकर देतो. पीक पडलं तर त्या एकराचे पैसे कोण भरणार, ते आधी लिहा.

निंदणवाली

आणि निंबोळ्या कुटायची रोजी किती धरणार, तेही त्याच्याच खाली.