थिबा राजा रत्नागिरीतून निसटून मंडालेला परतला असता तर? कथेचा सांगाडा तपासून हवा

घोडबंदरकर (ठाणे पश्चिम)

ठाण्यातल्या एका दिवाळी अंकासाठी पर्यायी इतिहासाची दीर्घकथा लिहितोय. आतापर्यंतची जुळणी अशी: ऑक्टोबर १८९०. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा, इंग्रजांनी रत्नागिरीत कैदेत ठेवलेला, राणी सुपयालत आणि चार मुलींसह तिथल्या भाट्याच्या खाडीतून मचव्यावर चढतो, महिनाभराने रंगूनला उतरतो, प्रजा उठते आणि इंग्रज त्याची राजधानी मंडाले सोडतात. नमुना अर्थातच नेपोलियनचा, एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून फ्रान्सला परतण्याचा. साल, मार्ग आणि लोकांचा उठाव, यातलं काय टिकतं आणि काय कोसळतं?

तांडेल_ऐरोली

आधी समुद्राचं बोलू. एल्बा ते फ्रान्सचा किनारा अडीचशे किलोमीटरच्या आसपास. नेपोलियन २६ फेब्रुवारी १८१५ ला निघाला आणि १ मार्चला उतरला. रत्नागिरी ते रंगून, लंकेला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरच्या वर. वाऱ्याने साथ दिली तरी शिडाच्या गलबताला महिना हवा, आणि तुमच्या ऑक्टोबरात साथ मिळणारच नाही. पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडचा वारा असतो, त्यामुळे कन्याकुमारीपर्यंत मजेत जाल. पुढे बंगालच्या उपसागरात ईशान्येचा वारा थेट नाकावर, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला वादळांचा हंगाम. जून ते ऑगस्ट उपसागरात नैऋत्येचा वारा पाठीशी मिळतो, पण तेव्हा कोकणातली बंदरं बंद आणि गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली. उरतो सप्टेंबरचा शेवट. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, नैऋत्येचा वारा पुरता मेलेला नाही. तेवढ्या फटीतून काढा.

मचवाही नको. तो किनाऱ्यालगतचा. फतेमारी घ्या, मोठी, दोन डोलकाठ्यांची. माणसं, महिन्याचं पाणी आणि तांदूळ एवढं तीच वाहील. पाण्याची पिंपं मोजूनच भरा, कारण मध्ये भरून घ्यायला कुठल्याही इंग्रजी बंदरात शिरलात की तारेने बातमी तुमच्या आधी रंगूनला पोचेल.

जुना_नकाशा (कळवा)

वारा जमला तरी साल चुकलंय. १८९० म्हणजे गाडी सुटून गेली, शब्दशः. रंगूनहून निघालेला लोहमार्ग १८८९ मध्ये मंडालेला पोचला. त्याआधी इंग्रजांची सगळी भिस्त इरावतीतल्या आगबोटींवर होती. १८८५ ची स्वारीसुद्धा त्यांनी नदीनेच केली: १४ नोव्हेंबरला सरहद्द ओलांडली, २९ ला राजा ताब्यात.

खरं युद्ध त्यानंतर पेटलं. गावोगावच्या टोळ्या उठल्या, आणि १८८७ पर्यंत इंग्रजांना सैन्य आणि लष्करी पोलीस मिळून तीस हजारांहून जास्त माणसं तिथे गुंतवावी लागली. तुमचा राजा परतायचा असेल तर याच काळात, १८८६ किंवा ८७ मध्ये. १८९० पर्यंत तो वणवा बराचसा विझला होता.

रंगूनला उतरवणं तर फारच विचित्र. रंगूनसकट खालचा ब्रह्मदेश १८५२ पासून इंग्रजांकडे. तिथे उतरणं म्हणजे शत्रूच्या छावणीत जाऊन राहुटी ठोकणं. त्यापेक्षा पूर्वेच्या शान डोंगरांकडून आणा. तिथे लिंबिन राजपुत्राला पुढे करून काही सरदारांनी जूट बांधली होती, ती १८८७ मध्ये शरण गेली. राजा त्याआधी पोचला तर त्याला निदान तयार फौज भेटते. पण लिंबिन स्वतः राजपदाचा दावेदार, तो जागा का सोडेल? तुमच्या कथेत खरं नाट्य इथे आहे.

फ्रेंच मदतीला येतील असं मात्र लिहू नका. जानेवारी १८८५ मध्ये त्यांनी थिबाशी करार केला होता खरा, पण मार्चअखेरीस तोंकिनच्या (उत्तर व्हिएतनामच्या) प्रकरणात पंतप्रधान फेरी याचं मंत्रिमंडळ पडलं आणि तो विषय पॅरिसात कोणी हातात घेईना.

घोडबंदरकर

साल १८८६ करतो, सप्टेंबर. सुटकेच्या प्रसंगासाठी आपल्या ठाण्याच्या किल्ल्यातून, इंग्रजांच्या कैदेतून, दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले तो प्रकार डोळ्यासमोर आहे. तो रत्नागिरीत बसवता येईल का?

किल्लेदार_४००६०१

तो उलटा करून बसवावा लागेल. त्रिंबकजी १२ सप्टेंबर १८१६ ला निसटले, म्हणजे महिना जुळतो. पण जमलं का ते पाहा. पहाऱ्यावर गोरे शिपाई ठेवले होते, एतद्देशीय फितूर होतील म्हणून. त्यांना मराठी येत नव्हतं. बाहेर मोतद्दार घोडा फिरवत गाण्यातून निरोप देत राहिला आणि पहारेकऱ्यांना ते नुसतं गाणं वाटलं, असं सांगतात. शौचकूपाच्या भिंतीला भोक पाडून, पावसाळी अंधारात बाहेर. आणि बाहेर पडल्यावर सगळा मुलूख ओळखीचा, माणसं आपली, दऱ्याखोऱ्यांत लपवणारे कितीतरी.

रत्नागिरीत पहारेकरी मराठी, गावही मराठी, आणि कैदी एकटाच ब्रह्मी. त्याच्यासाठी बाहेर गाणार कोण आणि समजणार कोणाला? भिंत चढणं सोपंच होतं. तेव्हा आजचा थिबा पॅलेस नव्हता, तो १९१० चा, राजाला बंगल्यात ठेवलं होतं. अडचण फाटकाबाहेर दहा पावलांवर सुरू होते. म्हणून मध्ये एक माणूस हवाच: रंगूनला भाताच्या व्यापारात राहून आलेला, दोन्ही भाषा बोलणारा. रत्नं विकून पैसा तोच उभा करील, आणि फुटला तर तोच फुटेल.

आणखी एक. एप्रिल १८८६ मध्ये राजा रत्नागिरीत आला तेव्हा तिसरी मुलगी तान्ही होती, चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीतच झाली. म्हणजे तुमच्या सप्टेंबरात सुपयालत गरोदर आहे आणि मुली तीनच, चार नाहीत. फतेमारीवर महिनाभर? कुटुंब मागे ठेवलं तर ते ओलीस. काय ते आधी ठरवा, त्यावर राजाचा स्वभाव उभा राहील.

सीवूड्सचा_वाचक (नेरूळ)

मला मुळात बोटीचाच सोस कळत नाही. नेपोलियनच्या मागे हजारभर कसलेले सैनिक होते आणि समोर अडवायला आलेली पलटण त्याच्याच हाताखाली लढलेली. थिबा मठात पाली शिकून मोठा झालेला, गादीवर येईपर्यंत लढाई पाहिलेली नाही. ती पलटण लाफ्रे गावाजवळ नेपोलियनलाच जाऊन मिळाली, तसा प्रसंग थिबा कुणासमोर घडवणार?

खऱ्या इतिहासापासून कथेचा फाटा फेब्रुवारी १८८६ ला फोडा. १ जानेवारीला वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं होतं, पण कारभार कसा चालवायचा हे ठरलं नव्हतं. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रज अधिकारी स्लेडन जुन्या लुतॉला, म्हणजे मंत्रिमंडळाला, हाताशी धरून कारभार पाहत होता. व्हाइसरॉय डफरिन फेब्रुवारीत स्वतः मंडालेला गेला आणि मग संस्थान न ठेवता थेट राज्य करायचं पक्कं झालं. इथेच त्याला दुसरं मत द्या. दाखला ताजा होता: म्हैसूर १८३१ मध्ये घेतलं आणि १८८१ मध्ये वडियारांना परत केलं.

अडचणी खऱ्या आहेत. म्हैसूरला गादीवर बसवला तो इंग्रजांच्या देखरेखीखाली वाढलेला तरुण. मंडालेत तसा मुलगा शोधायचा तर १८७९ च्या कत्तलीत थिबाचा बाप मिंडॉन याच्या वंशातले बहुतेक गेलेले. इंग्रजांच्या आश्रयाला असलेला न्याउंग्यान राजपुत्र १८८५ मध्येच वारला. दुसरा हाताशी नाही म्हणून नाइलाजाने थिबा, हे कारण वाचकाला पटेल. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला कत्तलखोर म्हणून रंगवलेलं असल्यामुळे लंडनला ते गिळवणारा माणूस लागेल. थिबाचा मंत्री किनवुन मिंजी घ्या. १८७२ मध्ये वकिलात घेऊन इंग्लंडला जाऊन आलेला, राजाचे अधिकार मर्यादित असावेत या मताचा, १८८५ मध्ये युद्धाच्या विरोधात. कथेचा नायक तोच करा.

मात्र मग राजा मद्रासहूनच परततो, कारण फेब्रुवारीत तो तिथेच होता. रत्नागिरी कथेतून गेलीच.

घोडबंदरकर

रत्नागिरी गेली तर अंकाचे संपादक कथाच परत पाठवतील.

जुना_नकाशा (कळवा)

मग डफरिनला उशिरा शहाणपण येऊ द्या. फेब्रुवारीत खालसा कायम, पावसाळ्यात तापाने पलटणी खिळखिळ्या, आणि १८८७ च्या सुरुवातीला खर्चाचे आकडे पाहून माघार. तोवर राजा रत्नागिरीत जवळजवळ वर्षभर राहिलेला असेल. नेरूळकरांच्या म्हैसूरसारख्या संस्थानाचा करारही बसतो: दरबारात इंग्रज रेसिडेंट, परराष्ट्र व्यवहार बंद, फौज नावापुरती, आणि पहिलं कलम बॉम्बे बर्मा कंपनीच्या सागवानाचं. लुतॉने तिला ठोठावलेला २३ लाखांचा दंड हेच युद्धाचं निमित्त होतं. तो दंड रद्द केल्याच्या कागदावर थिबाला रत्नागिरीतच सही करायला लावा. सुपयालत करू देईल का, ते तुम्ही बघा.