मुऱ्हा रेडा घ्यायचाय, काय काय तपासून घ्यावं?

आरेकर_तबेला
नमस्कार मंडळी. दुभत्या म्हशी आरे कॉलनीत, आटलेल्या म्हशी, पारड्या आणि रेडा पालघरकडच्या आमच्या वाड्यावर. यंदा बऱ्याच म्हशी उलटल्या, म्हणजे भरवूनही परत माजावर आल्या, काही तर सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडल्या, गर्भ पडला. काका म्हणतात रेडा म्हातारा झाला, बदला. एक दलाल तीन वर्षांचा मुऱ्हा जातीचा रेडा दाखवतोय, दिसायला देखणा. कागद मागितले तर म्हणतो, "घरचं जनावर आहे शेठ, कागद कसले?" घेताना नेमकं काय बघायचं?

वसईकर
आधी चालवून बघा. मागचे पाय, खूर, गुडघे. मागून अधू असलेला रेडा म्हशीवर चढतच नाही, मग शिंगं कितीही वळलेली असोत. दोन्ही अंड सारखे, घट्ट आणि हलणारे हवेत. एक लहान असेल तर सोडून द्या. लठ्ठही नको, लठ्ठ रेडा आळशी असतो. आईचं दूध किती होतं ते विचारा. दलाल सांगेल त्याच्या निम्मं धरा.

पशुवैद्य_परळ
वसईकरांचं खरं, पण आरेकर, तुमचा प्रश्न रेड्याच्या वयाचा वाटत नाही. म्हातारपणाने म्हशी उलटतील, सातव्या महिन्यात गाभडणार नाहीत. हे ऐकून पहिली शंका ब्रुसेलाची येते, गर्भ पाडणारा जिवाणूचा रोग. नवा रेडा आणण्याआधी जुन्या रेड्याचं आणि गाभडलेल्या म्हशींचं रक्त तपासा, नाहीतर नवा रेडाही त्याच घाणीत उतरेल. सरकारी दवाखान्यातून नमुने पाठवता येतात, किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

उलटण्याच्या तारखाही लिहून काढा. बरोबर एकवीस दिवसांनी माजावर येत असेल तर वेळ चुकते किंवा वीर्य कमकुवत. तीस, चाळीस, पन्नास दिवसांनी येत असेल तर गर्भ राहून मग पडलाय. तेव्हा रेड्याच्या शिश्नाच्या त्वचेच्या पिशवीतलं धुवण काढून कॅम्पायलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास हे भरवताना पसरणारे रोगजंतू तपासायला द्या. या दोन्हींत रेड्यावर वरून काहीच दिसत नाही, खाऊनपिऊन तुकतुकीत असतो.

आरेकर_तबेला
डॉक्टर, आजूबाजूचे दोन-तीन तबेलेवालेही आमचाच रेडा नेतात. शेजारधर्म म्हणून देतो.

पशुवैद्य_परळ
बंद करा, आजच. उसना रेडा ही रोग पसरवायची सगळ्यात स्वस्त सोय आहे. वीर्यकेंद्रावर नवा रेडा 60 दिवस वेगळा ठेवतात आणि ब्रुसेला, क्षय, जॉन्स (आतड्याचा जुनाट रोग) या चाचण्या झाल्याशिवाय आत घेत नाहीत. तुम्हाला तेवढं जमलं नाही तरी गोठ्यापासून लांब वेगळं दावं, वेगळी बादली, वेगळा माणूस, एवढं करा. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांनाच, नर रेडकांना नाही. घटसर्पाची लस मात्र सगळ्यांना, पावसाळ्याआधी. म्हशीच्या जातीला तो रोग फार लवकर नेतो. लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी.

कृत्रिम_रेतन_समर्थक
एवढा खटाटोप कशाला? तपासलेल्या रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या मिळतात. रेडा पाळायचा खुराक वाचेल.

वसईकर
साहेब, म्हशीचा माज तुम्ही कधी पकडलाय का? गाय हंबरते, म्हैस मुकी राहते, त्यातही रात्री. सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ आहे का ते बघायला पहाटे उठावं लागतं. रेडा हुंगून सांगतो. आमच्याकडे रेडा फक्त माज ओळखायला ठेवलाय, भरवतो कांडीनेच.

कृत्रिम_रेतन_समर्थक
हे पटलं. पण त्याला म्हशीवर चढू देऊ नका, नाहीतर रोगाचा धोका तसाच राहतो.

वसईकर
बांधलेला असतो हो, वेसणीला दोन बाजूंनी. आणि आरेकर, मे महिन्यात रेड्याला पाण्यात डुंबायला मिळतं का? काळं कातडं, घाम कमी, उन्हाने वीर्य बिघडतं. नवं वीर्य तयार होऊन बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे मे महिन्याचा तडाखा जुलैत कळतो आणि लोक पावसाला दोष देतात. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त म्हशी भरवू नका.

आरेकर_तबेला
समजलं. दलालाला थांबवतो, आधी रक्त पाठवतो. एक विचारायचं होतं. गाभडलेल्या म्हशींची वार काकांनीच हाताने ओढून काढली होती. त्यांना आता संध्याकाळी ताप येतो, कंबर आणि सांधे दुखतात. संबंध असेल का?

पशुवैद्य_परळ
असू शकतो. ब्रुसेला माणसाला होतो, अशा वारेतून आणि कच्च्या दुधातून. त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्या आणि म्हशी गाभडल्याचं स्वतःहून सांगा. मुंबईत ताप म्हटला की आधी मलेरिया आणि डेंग्यूच तपासतात. पुढच्या वेळी हातमोजे घाला, वार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. घरचं दूधही उकळूनच प्या.