मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेलेल्या पणजोबांची पलटण आणि मृत्यूची तारीख कशी शोधू?

नमस्कार मंडळी,

माझ्या माहेरचे पणजोबा पहिल्या महायुद्धात शिपाई होते. गाव खेड तालुक्यातलं, जिल्हा रत्नागिरी. मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले ते परत आलेच नाहीत, घरात सगळे "बसऱ्याच्या लढाईत गेले" एवढंच म्हणतात, त्यापलीकडे कोणालाच काही माहीत नाही. मला त्यांची पलटण, शिपाई नंबर आणि ते नक्की कुठे, कधी वारले हे शोधायचंय. हाताशी जे आहे ते सगळं लिहिते, लांबेल थोडं, पण अशा शोधात कुठला धागा कामाला येईल सांगता येत नाही.

पहिलं म्हणजे पदक. चांदीचं आहे, एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष, कडेला १९१४ आणि १९१८. हे ब्रिटिश वॉर मेडल हे मला कळलंय. या पदकाच्या काठावर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, आमच्याही आहे, पण पणजी आणि मग आजी दर दसऱ्याला कोयता-विळ्यांबरोबर त्याची पूजा करायच्या आणि त्याआधी चांदीच्या भांड्यांसारखं ते रांगोळीने खसाखसा घासायच्या, त्यामुळे काठ पार गुळगुळीत झालाय. नंबराचा फक्त शेवटचा ९ दिसतो. नाव अर्धंमुर्धं लागतं. पलटणीचे पहिले दोन आकडे १ आणि १ स्पष्ट आहेत, तिसरा गेलाय, आणि पुढे इंग्रजीत मराठा हे लागतं.

आता इथेच घोडं अडलंय. त्या काळात ११ ने सुरू होणाऱ्या मराठा पलटणी चार होत्या, ११०, ११४, ११६ आणि ११७. यातली कुठली?

दुसरा धागा माझ्या आत्याचा. तिचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, पण पणजीचा सहवास तिलाच सगळ्यात जास्त मिळाला. पणजी तिला सांगायची की पलीकडच्या वाडीतला एक गडी लढाईवरून जिवंत परत आला होता आणि तो एकदा घरी येऊन ओटीवर बसून सगळं बोलून गेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते एका गावात कोंडले गेले होते, चारी बाजूंनी तुर्क, धान्य संपलं तेव्हा साहेबाने घोडे कापायला लावले, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कितीतरी दिवस ते तोंडाला लावलं नाही, हिरड्या सुजून दात हलायला लागले. मग निशाण खाली उतरवलं आणि सगळ्यांना उन्हातून चालवत नेलं, आणि पुढे "आगगाडीच्या रस्त्याच्या कामावर" लावलं. पणजोबा त्या कामापर्यंत त्याच्याबरोबर होते की आधीच कुठे मागे राहिले, हे आत्याला आठवत नाही. मी परत परत विचारलं, ती म्हणते "आजी तिथपर्यंत आली की गप्प व्हायची, मग मी पण नाय विचारलं."

हे ऐकल्यावर मी वाचायला बसले आणि हे सगळं बगदाद आणि बसऱ्याच्या मधल्या कुट-अल-अमारा या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याशी तंतोतंत जुळतंय. ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनहून मागे हटली आणि डिसेंबरात कुटमध्ये अडकली, १४७ दिवस वेढा चालला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. नोकरचाकर धरून सुमारे १३ हजार माणसं कैद झाली आणि त्यात बहुसंख्य आपले हिंदी लोक. घोड्याचं मांस हिंदी शिपायांनी आधी नाकारलं आणि शेवटी शेवटी एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी खायला सुरुवात केली, हेही नोंदलेलं आहे. नंतर बगदाद, मोसुल करत रास-अल-ऐनपर्यंत पायपीट आणि तिथे रेल्वेचं काम. म्हणजे त्या गड्याने ओटीवर बसून सांगितलेलं, आणि माझ्या पणजीने एवढी वर्षं जसंच्या तसं जपलेलं, खरं होतं. मला त्या दोघांचंही फार वाटतं, कारण घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी ते "म्हातारीच्या गोष्टी" म्हणून कधी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

कुटमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १०३ पदकावरच्या आकड्यांशी जुळत नाही, म्हणजे उरल्या ११० आणि ११७. पण एक शंका आहे, एका पलटणीत भरती झालेला शिपाई माणसं कमी पडली की दुसऱ्या पलटणीत पाठवायचे ना, मग पदकावर मूळ पलटण कोरायचे की तो शेवटी जिथे होता ती? तसं असेल तर ११४ आणि ११६ पण बाद करता येत नाहीत.

तिसरा धागा फेरफारचा. तहसील कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरात वारस नोंद सापडली, १९२१ ची. त्यात पणजोबांच्या नावापुढे "लढाईवर गेला तो परत आला नाही, सबब मयत समजून" असं लिहून आजोबांचं नाव लावलंय, अज्ञान पालनकर्ती आई म्हणून पणजीचं. मृत्यूची तारीख नाहीच. आत्या सांगते पणजीने तोवर कुंकू पुसलं नव्हतं. आजोबांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १९१५ चा आहे आणि वडील लढाईवर गेल्यावर जन्मले असं सगळेच सांगतात, म्हणजे पणजोबा त्या वर्षी किंवा त्याच्या थोडं आधी लढाईवर गेले असणार.

राहिला गावातला दगड. चावडीजवळ संगमरवरी पाटी आहे, कोकणात आणि साताऱ्याकडे तुमच्यापैकी अनेकांच्या गावात असेल, या गावातून इतके जण महायुद्धावर गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे, नाव एकाचंही नाही. आणि मग कळलं की बसरा मेमोरियल नावाचं जे मोठं स्मारक इराकमध्ये आहे, चाळीस हजारांवर लोकांचं, तिथेही ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीमागे नुसता आकडा. हे वाचून मला दोन दिवस काही सुचलं नाही. गावातही आकडा, तिकडेही आकडाच. म्हणून तर हा खटाटोप.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर मात्र बसऱ्याच्या शिपायांची नावं शोधता येतात. तिथे पणजोबांच्या नाव-आडनावाचे एकापेक्षा जास्त शिपाई सापडले, मराठा पलटणींतलेच. काही नोंदींत बापाचं नाव आणि गाव-तालुका आहे, पण ज्यांत खेड लिहिलंय त्यातल्या गावाचं स्पेलिंग इतकं विचित्र आहे की आमचं गाव की शेजारचं कळत नाही, आणि बापाचं नाव तर नाहीच.

तर जाणकारांनी कृपया सांगा:

पदकाच्या काठावरची झिजलेली अक्षरं वाचायची काही रीत आहे का? कागद ठेवून पेन्सिल घासून पाहिली, फार काही उमटलं नाही. कुणा सोनाराकडे द्यायचं माझं धाडस होत नाही.

जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या ऑनलाइन टाकल्यात. त्यात कुटच्या हिंदी शिपायांच्या याद्या कोणी स्वतः उघडून पाहिल्यात का? कशा शोधायच्या, पलटणीने की नावाने?

लाहोरच्या म्युझियममधली पंजाबी सैनिकांची रजिस्टरं, ३ लाख २० हजार नावांची, आता ऑनलाइन येतायत. आपल्या मुंबई इलाख्यातलं गाववार असं काही मुंबई किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे का? पंजाबातल्या पणतवंडांना जे मिळतंय ते कोकणातल्यांना का मिळू नये असं मनापासून वाटतं.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरशी घरच्यांपैकी कोणी पत्रव्यवहार केलाय का?

पणजोबांचं नाव आणि गाव उघड लिहीत नाही, काका लोकांना आवडणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर पदकाच्या फोटोसकट सगळं पाठवेन.

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मारकाबद्दल दोघांनी सुचवलंय, पण ते मुख्यतः इथे हिंदुस्तानात वारलेल्यांसाठी आहे, त्यामुळे आमचं नाव तिथे असायची शक्यता कमी. बाकीच्या दोन पदकांचं एकाने विचारलं, हो, १९१५ मध्येच तिकडे गेले असतील तर १९१४-१५ चा स्टार आणि व्हिक्टरी मेडल पण मिळालं असणार. ती दोन्ही कांस्याची होती, आत्याला वाटतं की एका पावसाळ्यानंतर जुन्या तांब्या-पितळेबरोबर मोडीत गेली. स्टारच्या मागच्या बाजूला नंबर असतो म्हणे, तो तरी झिजला नसता. खेड, चिपळूण, दापोलीकडे जुनी नाणी-पदकं जमवणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे मराठा पलटणीचा, नंबर ९ ने संपणारा स्टार आहे का एवढं विचाराल का? विकत मागत नाही, फक्त मागच्या बाजूचा फोटो हवाय.

आणि बेळगावला मेल केलाय. ज्यांनी सांगितलं की पत्रात तालुका, बापाचं नाव आणि भरतीचं साल तिन्ही लिहा, त्यांचं ऐकून तसंच लिहिलंय, फक्त भरतीच्या सालापुढे "१९१५ किंवा आधी" टाकलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.