‘सूची’ कोणाची : निर्देशिकेची की शोधयंत्राची?

प्रश्न : कोल्हापुरातील एका वाचनालयासाठी मी संगणक-परिचयाची पुस्तिका तयार करीत आहे. तिच्यात ‘वेब डिरेक्टरी’साठी ‘संकेतस्थळांची सूची’ आणि ‘सर्च इंजिन’साठी ‘शोधयंत्र’ असे शब्द योजले आहेत. दोन्हींतून शेवटी संकेतस्थळच सापडते, तेव्हा ‘सूची’ या शब्दाला हरकत असावी काय?

उत्तर : ‘शोधयंत्र’ रुळला आहे, त्याला हात लावू नये. ‘सूची’ मात्र बदलावी, कारण तो शब्द नेमका उलट बाजूला बसला आहे. जाड ग्रंथाच्या आरंभी अनुक्रमणिका असते आणि अखेरीस शब्दसूची. अनुक्रमणिका विषयांच्या क्रमाने चालते. सूचीत शब्द असतो आणि तो ज्या ज्या पानांवर आला त्यांचे आकडे. (‘सुई’ हा शब्दही ‘सूची’पासूनच आला, आणि सूची सुईसारखीच नेमक्या जागी टोचते.) शोधयंत्र हेच काम करते : त्याचा प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात पाने गोळा करतो, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची नोंद आगाऊ करून ठेवतो, आणि आपण शब्द टाइप केला की सारे जाळे नव्हे, तर ती तयार नोंद चाळतो. सूची असलीच तर ती शोधयंत्राच्या पोटात आहे.

डिरेक्टरीचा जन्म वेगळा. १९९४ साली स्टॅनफर्डमधील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची जी वर्गवार यादी सुरू केली, तिचेच पुढे ‘याहू’ झाले. १९९८ मध्ये निघालेल्या आणि नंतर ‘डीमॉझ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकल्पात तर स्वयंसेवक संपादक संकेतस्थळ उघडून पाहत, त्याचे थोडक्यात वर्णन लिहीत आणि त्याला योग्य कप्प्यात ठेवीत. म्हणून ‘निर्देशिका’ म्हणावे. दूरध्वनी निर्देशिकेमुळे हा शब्द वाचकाच्या कानावरून गेलेला आहे.

पुस्तिकेत उदाहरण गावचेच घ्यावे. कोल्हापुरी चपलांचे संकेतस्थळ निर्देशिकेत पादत्राणांत ठेवायचे, हस्तकलेत, की महाराष्ट्राच्या कप्प्यात? २०१९ साली या चपलांना मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कर्नाटकातील चार जिल्हेही आहेत, त्यामुळे संपादकाची पंचाईतच. शोधयंत्राला हा पेच पडत नाही, पण त्याची अडचण निराळी : कारागिराने सगळीकडे ‘पायताण’ असेच लिहिले असेल, तर निव्वळ शब्द जुळवणाऱ्या यंत्रात ‘चप्पल’ टाइप करणाऱ्याला ते पान दिसणार नाही. निर्देशिकेत ते पादत्राणांखाली निमूट सापडते, कारण तिथे ठेवणाऱ्या माणसाला पायताण म्हणजे काय हे ठाऊक असते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘पायताण’ पुस्तिकेत घेतो. पण निर्देशिकेविषयी भूतकाळात लिहावे काय?

उत्तर : त्या दोहोंविषयी होय, याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली आणि डीमॉझ २०१७ मध्ये. निर्देशिका या प्रकाराविषयी नको, कारण आपल्या वाचनालयाने विश्वासार्ह संकेतस्थळांची विषयवार यादी केली, तर तीही निर्देशिकाच ठरेल. एक दुरुस्ती राहिली. ‘शोधयंत्र संकेतस्थळांचा शोध लावते’ असे वाक्य पुस्तिकेत असेल, तर ‘शोध घेते’ असे करावे. लावलेला शोध म्हणजे नवे काही जगापुढे आणणे, आणि ती पाने तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात.